मळा कुटुंबाचा, तोडणी कोणाची?

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात पनामातील 'हासिएन्दा ला एस्मेराल्दा' या मळ्याची वीस किलो कॉफी लिलावात किलोला ३०,२०४ डॉलर या भावाने विकली गेली. घेणारी पेढी दुबईची होती. वीस किलोंची एकूण किंमत सहा लाख चार हजार डॉलरांवर गेली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत साध्या अरेबिका कॉफीने वायदेबाजारात पौंडाला चार डॉलरांची मर्यादा ओलांडली, तेव्हा तो इतिहासातील उच्चांक म्हणून गाजला होता. म्हणजे किलोला सुमारे नऊ डॉलर. पारितोषिकाची कॉफी या उच्चांकी भावाच्याही तीन हजार पटींहून महाग ठरली.

या मळ्याची कथा जगभर सांगितली जाते ती एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांच्या तपश्चर्येची कथा म्हणून. डोंगरउतारावरचा मळा, बापानंतर मुलगा, मुलानंतर नातवंडे, चवीचा ध्यास आणि शेवटी जगाने केलेला गौरव. भांडवलदारी नियतकालिकांनी ही कथा आळवावी यात नवल नाही. परंतु आपल्यातील काही मित्रांनाही ती भुरळ घालते. त्यांचा युक्तिवाद असा : आपला विरोध बहुराष्ट्रीय कंपन्यांना आहे, शेतकरी कुटुंबाला नाही, कंपनी निनावी पोत्यांचा व्यापार करते, येथे मळ्याचे नाव पिशवीवर असते, कंपनी भाव पाडते, येथे गुणवत्तेला भाव मिळतो, तेव्हा कौटुंबिक शेती आणि उत्तम गुणवत्ता हाच तिसऱ्या जगातील शेतकऱ्याच्या मुक्तीचा मार्ग. द्राक्षे, हापूस, हळद, बेदाणा यांच्या परिसंवादांतून आपल्याकडेही हेच प्रवचन ऐकू येते. म्हणून या एका मळ्याचा हिशेब जरा बारकाईने तपासण्यासारखा आहे. उदाहरण मुद्दाम सर्वांत यशस्वी निवडले आहे, कारण सिद्धान्ताची परीक्षा त्याच्या उत्तम उदाहरणावरच घ्यावी.

प्रथम 'कुटुंब' या शब्दाकडे पाहू. पनामाच्या पश्चिमेकडील चिरिकी प्रांतात, बारू ज्वालामुखीच्या उतारावर, बोकेते गावाच्या परिसरात हा मळा आहे. १९६७ साली तो रुडॉल्फ पीटरसन या गृहस्थांनी विकत घेतला. स्वीडनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले हे गृहस्थ त्या वेळी बँक ऑफ अमेरिकेचे अध्यक्ष होते, आणि ती बँक तेव्हा जगातील सर्वांत मोठी व्यापारी बँक होती. पुढे अध्यक्ष निक्सन यांनी परकीय मदतीच्या धोरणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. मार्च १९७० मध्ये त्या समितीने अहवाल दिला. १९७२ पासून १९७६ पर्यंत ते संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे प्रशासक होते. अविकसित देशांचा विकास कसा व्हावा हे ठरविणाऱ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची एका अविकसित देशात जमीन होती. यात बेकायदेशीर काहीही नव्हते, आणि मला खटकते ते नेमके हेच. मळा घेतला गेला त्याच्या तीनच वर्षे आधी, जानेवारी १९६४ मध्ये, कालव्याच्या पट्ट्यात आपला राष्ट्रध्वज फडकवू पाहणाऱ्या पनामाच्या विद्यार्थ्यांवरून उसळलेल्या दंगलीत वीसहून अधिक माणसे मेली होती. पट्टा अमेरिकेच्या ताब्यात होता आणि देशाच्या व्यवहारात चलन डॉलरचेच होते. अशा देशात अमेरिकन बँकरने निवृत्तीसाठी डोंगर पसंत करणे ही त्या काळी अगदी साधी गोष्ट होती.

आपण शेतकरी कुटुंब म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे काय येते? स्वतःच्या घामाने स्वतःची जमीन कसणारे, सावकाराचे देणे फेडणारे, पावसाकडे डोळे लावणारे घर. त्या घराविषयी समाजवाद्यांना आस्था आहे आणि असलीच पाहिजे. परंतु मालकी एका कुटुंबाकडे असणे आणि कष्ट त्या कुटुंबाचे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जमीनदारसुद्धा कुटुंबवत्सल असू शकतो. टाटा-बिर्लांचे उद्योगही कुटुंबांचेच होते. तेवढ्यावरून आपण त्यांना कुटीरोद्योग म्हटले नाही.

आता बियाण्याकडे वळू, कारण पारितोषिक मिळाले ते मुळात एका वाणाला. 'गेशा' हा तो वाण. १९३० च्या दशकात तो इथिओपियाच्या अरण्यातून गोळा करण्यात आला आणि पूर्व आफ्रिकेतील ब्रिटिश वसाहतींत नेण्यात आला. टांगानिकातील ल्यामुंगू संशोधन केंद्रात तो वाढला. १९५३ साली तेथून कोस्टा रिकातील तुर्रियाल्बा येथे, अमेरिका खंडातील सरकारांनी मिळून चालविलेल्या कृषिसंशोधन संस्थेत, त्याची नोंद झाली. १९६० च्या दशकात, तांबेऱ्याला तोंड देणारे झाड म्हणून, त्याची रोपे पनामातील शेतकऱ्यांना वाटण्यात आली. फांद्या ठिसूळ आणि उत्पन्न कमी, म्हणून कोणी त्याची फारशी पत्रास ठेवली नाही. पीटरसन कुटुंबाने १९९६ साली हारामियो नावाचा उंचावरचा दुसरा मळा घेतला. मळ्याच्या प्रत्येक भागाचे पीक वेगवेगळे चाखून पाहताना २००४ साली त्यांच्या लक्षात आले की उंचावरल्या या झाडांची चव निराळीच आहे. त्या वर्षीच्या 'बेस्ट ऑफ पनामा' स्पर्धेत ती पहिली आली आणि लिलावात पौंडाला २१ डॉलर मिळाले. २००७ साली १३० डॉलर झाले, २०१३ मध्ये ३५० च्या वर, २०१७ मध्ये ६०१. एका परीक्षकाला तर या कॉफीच्या कपात देवाचे मुख दिसले, असे त्या धंद्यात आजही कौतुकाने सांगतात.

वेगवेगळे चाखून पाहण्याची चिकाटी हे त्या कुटुंबाचे कर्तृत्व, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु हिशेबाच्या वहीत बाकीच्या नोंदीही हव्यात. हे झाड शेकडो वर्षे राखले ते इथिओपियातील वनवासी समाजांनी. ते जगविले, नोंदविले आणि फुकट वाटले ते सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संशोधन केंद्रांनी. लिलावाच्या किमतीतून यांपैकी कोणाच्याही वाट्याला दमडी आली नाही. उलट इथिओपियाच्या सरकारने २००५ साली सिदामो, हरार आणि यिर्गाचेफे ही आपल्याच प्रदेशांची नावे अमेरिकेत व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्याचा अर्ज केला, तेव्हा अमेरिकेच्या कॉफी व्यापाऱ्यांच्या संघटनेने विरोध केला. स्टारबक्सशी समझोता व्हायला २००७ साल उजाडले. गरीब देशाने आपले नाव मागितले तर तो व्यापारातील अडथळा ठरतो, आणि त्याच देशाच्या अरण्यातील झाड दुसऱ्याच्या मळ्यात लागले की त्याची चव मात्र मालकाची मिळकत ठरते.

आणि तोडणी? बोकेतेच्या डोंगरात डिसेंबर ते मार्च या काळात कॉफीची लाल फळे खुडतात ती प्रामुख्याने न्गाबे आणि बुग्ले या आदिवासी जमातींची माणसे. दीर्घ लढ्यानंतर १९९७ साली कायद्याने त्यांना स्वायत्त प्रदेश मिळाला. मिळालेला भाग मुख्यतः डोंगराळ आणि निकृष्ट जमिनीचा आहे. पनामा सरकारनेच २०१७ साली काढलेल्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकाप्रमाणे त्या प्रदेशातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक दरिद्री आहेत. २०१२ साली तेथील खाणी आणि जलविद्युत प्रकल्प यांच्याविरुद्ध याच लोकांनी आंतर-अमेरिकी महामार्ग अडवून धरला होता, आणि पोलिसी कारवाईत रक्त सांडले होते. हंगाम आला की बायकापोरांसह ते कॉफीच्या मळ्यांवर उतरतात. पुष्कळ जण सीमा ओलांडून कोस्टा रिकातही जातात. मजुरी डब्यावर : एवढे डबे भरले, एवढे पैसे. फळ पिकलेलेच हवे, कच्चे आले तर बोलणी. बीड-पाटोद्याकडच्या कोयत्याची ओळख असलेल्या वाचकाला यापुढचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

थोडे गणित करू. वीस किलो बी तयार व्हायला शंभर ते एकशेवीस किलो ताजे फळ लागते. निवडक तोडणी म्हणून एका माणसाने दिवसाकाठी वीसच किलो खुडले असे धरू. प्रत्यक्षात सराईत माणूस याहून पुष्कळ अधिक खुडतो. म्हणजे सहा दिवसांची तोडणी झाली. धुणे, वाळविणे, हाताने निवडणे यांचे आणखी चौदा दिवस धरू. वीस मनुष्यदिवस झाले. प्रत्येक दिवसाला पन्नास डॉलर मजुरी दिली असे समजू. पनामातील शेतमजुराच्या कायदेशीर किमान वेतनाच्या दुपटीहून ही अधिक आहे. बेरीज एक हजार डॉलर. आलेली किंमत सहा लाख चार हजार. सहाशे रुपयांत एक रुपया. छाटणी, खत, तण काढणे, वर्षभराची निगा हे सारे धरून हा आकडा कोणी दहापट केला तरी साठांत एक.

मळ्याचे सारे पीक या भावाने जात नाही, हे मला मान्य आहे. लिलावाची वीस किलो ही दर्शनी खिडकीतील वस्तू असते आणि बाकीचा माल पुष्कळ कमी भावाने विकला जातो. या विशिष्ट मळ्यावर मजुरांना इतरांपेक्षा कमी देतात असाही माझा आरोप नाही. देत असतील तर जास्तच देत असतील. प्रश्न मालकाच्या स्वभावाचा नाही. फळ तेच, हात तेच, डबा तोच; परीक्षकांनी अठ्ठ्याण्णव गुण दिले म्हणून तोडणाऱ्याच्या श्रमात काय बदलले? काहीच नाही. त्याची मजुरी डिसेंबरात ठरली आणि मार्चमध्ये चुकती झाली. लिलाव ऑगस्टमध्ये. ज्या किमतीची चर्चा जगभर होते ती ठरण्यापूर्वीच तिच्याशी असलेला त्याचा संबंध संपविलेला असतो.

अर्थशास्त्राला ही गोष्ट नवीन नाही. रिकार्डोने विशिष्ट जमिनीतच होणाऱ्या द्राक्षांच्या दुर्मीळ मद्याला मूल्याच्या सर्वसाधारण नियमातून वगळले होते. मार्क्सने 'कॅपिटल'च्या तिसऱ्या भागात तेच द्राक्षमळ्याचे उदाहरण घेऊन दाखविले, की अशा मालाची किंमत ना श्रमावरून ठरते ना खर्चावरून. ती ठरते घेणाऱ्याची हौस आणि त्याची ऐपत यांवरून. त्यातून निघणारे आधिक्य जमीनमालकाला मिळते ते जमिनीच्या त्या तुकड्यावर त्याची मालकी आहे एवढ्याच कारणाने. याला मक्तेदारीचा खंड म्हणतात. नऊ डॉलर आणि तीस हजार डॉलर यांच्यामधील जागा कष्टाने वा कौशल्याने भरलेली नाही. ती दुबई आणि पूर्व आशियातील धनिकांच्या ऐपतीने भरलेली आहे. त्या खंडाला 'गुणवत्तेचे बक्षीस' हे नाव देणे म्हणजे देशमुखीच्या वतनाला पराक्रमाचे फळ म्हणण्यासारखे आहे. पराक्रम असेलही, पण वसुली रयतेकडूनच होते.

यावर उत्तर दिले जाते की ही समृद्धी हळूहळू खाली झिरपते. झिरपते, पण कोठे? खंड वाढला की तो जमिनीच्या किमतीत जाऊन बसतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. बोकेतेच्या परिसरात निवृत्त अमेरिकनांची वसाहत वाढली, त्यात गेशाच्या कीर्तीची भर पडली. अशा डोंगरात एखाद्या न्गाबे कुटुंबाने मजुरीतून बचत करून चार एकर घ्यावे आणि तेथे गेशा लावावा, ही कल्पना करून पाहावी. म्हणजे पारितोषिकाचा मार्ग त्याच्यासाठी खुला आहे असे सांगणाऱ्यांचा आशय ध्यानात येईल. दरम्यान त्याच २०२५ सालच्या मे महिन्यात, डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, बोकास देल तोरो प्रांतात, सामाजिक सुरक्षेच्या नव्या कायद्याविरुद्ध संपावर गेलेल्या सुमारे पाच हजार केळीमजुरांना चिकिटा कंपनीने एका फटक्यात काढून टाकले. त्यांच्यातही न्गाबे मोठ्या संख्येने. जूनमध्ये सरकारने त्या प्रांतात आणीबाणी पुकारली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत कॉफीचा विक्रमी लिलाव झाला. एकाच जमातीचे हात डोंगराच्या एका अंगाला बहुराष्ट्रीय कंपनीसाठी राबतात आणि दुसऱ्या अंगाला कौटुंबिक मळ्यांसाठी. कंपनी विरुद्ध कुटुंब हा जो भेद आमच्या मित्रांना एवढा मूलभूत वाटतो, तो या हातांना कितपत जाणवत असेल?

या पारितोषिकांचा जन्म केव्हा झाला हेही पाहण्यासारखे आहे. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय कॉफी करारान्वये उत्पादक देशांना निर्यातीचे कोटे ठरवून दिलेले होते आणि त्यामुळे भावाला काहीएक आधार होता. डॉ. लोहिया देशात दाम बांधण्याची मागणी करीत होते. हा करार म्हणजे, सारे दोष जमेस धरूनही, जागतिक बाजारात दाम बांधण्याचाच एक प्रयत्न होता. जुलै १९८९ मध्ये कोट्यांची ती व्यवस्था कोसळली. २००१ साल संपता संपता कॉफी पौंडाला पन्नास सेंटांच्याही खाली गेली. निकाराग्वातील मतागल्पा भागात मळ्यांवरून काढलेले मजूर रस्त्याच्या कडेला उपाशी बसले. आपल्याकडे १९४२ च्या कायद्यान्वये कॉफी मंडळ सारे पीक एकत्र गोळा करून विकत असे, लहान-मोठ्या बागायतदाराला एकाच तराजूने भाव देत असे. ती पद्धती १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने मोडीत काढली गेली होती, त्यामुळे पडत्या भावाचा घाव कोडगू-वायनाडच्या लहान शेतकऱ्यावर सरळ बसला. वायनाडमधील त्या वर्षांच्या आत्महत्या विसरता येण्याजोग्या नाहीत. आणि याच वर्षांत, १९९९ साली ब्राझीलमध्ये आणि मग एकेका देशात, उत्कृष्ट कॉफीच्या स्पर्धा व लिलाव सुरू झाले. सर्वांना मिळून मिळणारा भाव काढून घेतला गेला, आणि त्याच्या जागी एकाला मिळणारे बक्षीस आले. शंभरांतील एक जण विजयी होतो तेव्हा नव्याण्णवांना सांगता येते की तुमची गुणवत्ता कमी पडली. बाजाराचा दोष उत्पादकाच्या माथी मारण्याची इतकी सोयीची युक्ती दुसरी सापडणार नाही.

गुणवत्तेला माझा विरोध नाही. चांगली कॉफी प्यावी, आणि ती श्रमिकांनीही प्यावी. कॉफी मंडळाने आपली कॉफीगृहे बंद केली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने १९५७-५८ साली तेथल्या कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतःच चालवायला घेतली. आपल्या चळवळीच्या कितीतरी बैठका त्या टेबलांभोवती झाल्या. कॉफी वाढणारे मालक झाले. कॉफी खुडणाऱ्यांची वेळ मात्र आली नाही. आंध्रातील अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने पिकविलेल्या कॉफीला २०१८ साली पॅरिसमध्ये सुवर्णपदक मिळाले, तेव्हा उत्तम चव ही मोठ्या मालकाच्याच मळ्यात निपजते हा समज तरी बाद व्हायला हरकत नसावी. अराकूतही दुकान, नाव आणि भांडवल कोणाच्या हाती राहते याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल. सहकाराच्या नावाखाली काय काय चालते हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको.

तेव्हा मित्रांनी 'कौटुंबिक मळ्या'ची भलावण थांबवून निश्चित मागण्यांकडे वळावे. लिलावाची किंमत आणि त्या मालाची तोडणी-मजुरी हे दोन आकडे शेजारी शेजारी जाहीर झाले पाहिजेत; जो व्यापार पिशवीवर समुद्रसपाटीपासूनची उंची, वाण आणि वाळविण्याचे दिवस छापतो त्याला आणखी एक ओळ जड जाऊ नये. लिलावात मिळालेल्या अधिक भावाचा ठरावीक हिस्सा कायद्याने तोडणी कामगारांच्या निधीत जमा व्हावा. हे अशक्य आहे असे ज्यांना वाटते त्यांनी आपला १९६९ चा माथाडी कायदा आठवावा : आज या गाळ्यावर तर उद्या त्या गाळ्यावर ओझी वाहणाऱ्या, कोणताही एक मालक नसलेल्या हमालासाठी मंडळ झाले, मजुरीवर अधिभार बसला, भविष्यनिर्वाह निधी आला. व्यापाऱ्यांनी तेव्हाही बाजार उठून जाईल अशी हाकाटी केली होती. बारूच्या उतारावरचा मळा तर उठून कोठेच जाऊ शकत नाही. त्याची सारी किंमतच तो जेथे आहे तेथे असण्यात आहे. आणि वाणाच्या मूळ देशाला त्याचा वाटा मिळावा, ही मागणी भारतासारख्या देशाने आंतरराष्ट्रीय मंचावर इथिओपियाच्या बरोबरीने मांडली पाहिजे. हळदीच्या पेटंटविरुद्ध आपण १९९७ साली अमेरिकेत लढलो आणि जिंकलो, तेव्हा आपला युक्तिवाद याच जातकुळीचा होता.